कावळ्यासमोर दिलेला शब्द

सदा, तुझ्या रक्षाविसर्जनाला ड्रोन होता.

हे तुला आधी सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. बाकीचे म्हणतायत, माणूस भरपूर जमला होता, साहेब स्वतः आले होते. साहेब म्हणजे तेच आपल्या प्रभागातले. त्यांचे नऊ वाढदिवस तू शूट केलेस आणि दहाव्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या माणसानं फोन करून कळवलं की यंदापासून 'टीम' येणार आहे. ती टीम त्या दिवशी पंचगंगेवरही आली. साहेब गाडीतून उतरताना, वहिनींना हात जोडताना, तुझ्या रक्षेवर फूल टाकताना, सगळं बाजूनं, खालून आणि वरून घेतलं गेलं. मग साहेब बोलले. कोल्हापूरच्या कलाक्षेत्राची मोठी हानी झाली म्हणाले. तू शेजारी असतास तर कानाशी येऊन विचारलं असतंस, "मास्तर, आपुन कलाक्षेत्रात हुतो व्हय रं? आदी सांगितलं न्हाईस."

नैवेद्य ठेवला होता. भाताची मूद, दही, तुझा कटवडा आणि कागदी कपात चहा. कावळे पत्र्याच्या शेडवर रांगेत बसलेले, पण एकही खाली येईना. पंधरा मिनिटं गेली. तुझा मेहुणा पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "दाजी, प्राजक्ताचं लग्न माझ्याकडं लागलं, घोर नगं." कावळे बसूनच. वहिनी म्हणाल्या, "घराचं मी बघते, तुम्ही जावा आता." तरी नाही. मग तुझा चुलतभाऊ माझ्याकडं वळला. "मुनीरभाई, तुमी बोला. तुमच्यात जीव अडकला असंल त्येचा."

मी म्हटलं, आमच्यात कावळ्याला कुणी विचारत नाही, मला सवय नाही. तो म्हणाला, "त्येला कुटं ठावं हाय तुमी कोण ते?" कावळ्याबद्दल म्हणाला की तुझ्याबद्दल, कळलं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. ऊन चढत होतं, लोकांना कामावर जायचं होतं. मी त्या वड्याकडं बघत म्हणालो, "सदा, दुकान बंद करत नाही."

कावळा आला. वड्यावरच बसला.

आता खरं सांगतो. मी बोलत असताना ड्रोनची बॅटरी संपत आली होती, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या सुमारास त्या मुलांनी तो खाली उतरवला. डोक्यावर घरघर चालू असताना कुठला कावळा येईल? एवढी साधी गोष्ट. पण मी सोडून कुणी वर बघत नव्हतं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला ड्रोनचं काही बोलता येईना.

आणि त्या दिवशी सकाळीच, घाटावर यायला निघताना, मी दुकान बंद करायचं ठरवलेलं होतं.

---

गाळ्याच्या मालकांना महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं, ठेवणार की सोडणार. तू असताना आपण त्यावर बोलत होतोच. म्हणजे मी बोलत होतो आणि तू "बघू की" म्हणत होतास. बावीस वर्षं तुझं उत्तर हेच.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळातल्या त्या गाळ्यात आपली वाटणी पहिल्यापासून ठरलेली. तू बाहेर, मी आत. तू ऑर्डर आणायचास, कॅमेरा धरायचास, नवरीच्या मामापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना नावानं हाक मारायचास. मी काचेच्या दाराआड बसून मिक्सिंग करायचो, म्हणजे तू शूट केलेलं कापून जोडायचो, आणि काम नसेल तेव्हा पुस्तक वाचायचो. म्हणून तू मला मास्तर म्हणायचास. गिऱ्हाईक आलं की मी पुस्तक खाली ठेवायच्या आत तू त्याला चहा सांगितलेला असायचा. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य काय बोलावं हा प्रश्न मला पन्नाशी उलटली तरी पडतो. तुला तो कधीच पडला नाही. "या पावणं, बसा," एवढ्यात तुझं निम्मं काम व्हायचं.

नवी गिऱ्हाइकं शोधायची तुझी पद्धत मला कधीच आवडली नाही. तू सकाळी पेपर उघडायचास तो रक्षाविसर्जनाच्या छोट्या जाहिरातींपासून. ओळखीचं नाव दिसलं की पांढरा शर्ट घालून निघालास. हिशेब सरळ होता. घरातलं मोठं माणूस गेलं की लग्नाचं पोरगं किंवा पोरगी असेल तर वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे आज जिथं रक्षा, तिथं वर्षात अक्षता. मी म्हणायचो, "सदा, ही गिधाडाची नजर आहे." तू म्हणायचास, "गिधाड रडतंय व्हय रं?" आणि खरंच, तू रडायचास. ज्याला दोनदा भेटलास त्याच्यासाठीही तुझे डोळे भरायचे. मला ते ढोंग वाटायचं. दहाएक वर्षांनी लक्षात आलं की ढोंग असतं तर इतकं वाईट दिसलं नसतं.

घाटावर तू धंद्याचा चकार शब्द बोलायचा नाहीस. परत येऊन माझ्या डोक्याशी बसायचास. "मास्तर, त्या शिंद्यांच्या थोरल्या पोरीच्या लग्नात हे आजोबा हुते बघ. काढ जरा." मी जुनी कॅसेट, नंतर जुनी डिस्क लावायचो. पंगतीत जेवताना, मांडवात कुणाच्या तरी मागं अर्धे, कुठंतरी ते आजोबा सापडायचेच. त्यातली एक चांगली फ्रेम काढून, फोटो करून, बाराव्याला तू घरी नेऊन द्यायचास. फुकट. वर्षाच्या आतल्या लग्नाची ऑर्डर मग आपल्यालाच यायची. मी त्याला युक्ती म्हणायचो, तू माणुसकी. हा वाद आपला मिटला नाही. आता मिटवायचा म्हटला तर मी एकट्यानंच दोन्ही बाजू मांडायच्या.

पण एक गोष्ट तू दर वेळी परत येऊन सांगायचास आणि मी ऐकून सोडून द्यायचो. फोटो बघून घरातलं कुणीतरी विचारायचंच, "बोलताना हाय का कुठं? आवाज?" आवाज नसायचा. आवाजाच्या जागी मी गाणं घातलेलं असायचं.

---

मग दिवस बदलले. कसे बदलले हे मी लिहीत बसत नाही, तुलाच जास्त माहीत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, नवरीची मैत्रीणच शूटिंग करायला लागली, आणि लग्नाआधीच नवरा-नवरी पन्हाळ्यावर जाऊन एकमेकांभोवती फिरायला लागले. आपण तेही करून बघितलं. तुझा गुडघा दुखेपर्यंत केलं. दूध संस्थांच्या वार्षिक सभा केल्या, शाळांची संमेलनं केली. साहेबांचे वाढदिवस होते तोवर साहेबांचे वाढदिवस.

जयसिंगपूरच्या त्या कापड दुकानाचं आठवतं? मालकांना रील पाहिजे होतं, अर्ध्या मिनिटाचं. दुकानाच्या दारात गाडीतून उतरायचं, गॉगल काढायचा, सावकाश चालत यायचं, दोन्ही बाजूला साड्यांची थप्पी. तू ते सहा वेळा घेतलंस. प्रत्येक वेळी मालक म्हणाले, "भारी वाटंना." शेवटी त्यांनी सभ्यपणे विचारलं, "तुमचं वय काय हो? नाही, रागावू नका, कॅमेऱ्याच्या मागं जरा तरणी पोरं पाहिजेत." 

परत येताना हातकणंगल्याला मोटरसायकल थांबवून आपण चहा घेतला. मग म्हणालास, "मास्तर, कॅमेऱ्याच्या मागं कोण हाय ते दिसतंय व्हय त्यात?"

मी म्हटलं, "नाही."

"मग त्येला काय करायचंय माझ्या वयाचं?" आणि कपातला चहा हलवत हलवत तू ते काढलंस. "लग्न सोडूया. माणूस शूट करूया."

"म्हणजे?"

"म्हंजे म्हातारी माणसं. जित्ती असताना. बसवायचं घरातच, खुर्चीवर, आणि बोलू द्यायचं. काय बोलंल ते. तासभर. फोटोला हार घालायच्या आदी."

मी हसलो. मी म्हटलं, तासभर म्हाताऱ्याचा खोकला ऐकायला पैसे कोण देणार? घरात फुकट ऐकू येतो तेव्हा लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. तू म्हणालास, "घाटावर सगळी आवाजच मागत्यात की रं. मीच ऐकतोय, तू कुठं येतोस?" त्यावर मी जे बोललो ते मला आठवायचं नाहीय, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "आत्तापर्यंत मेलेल्यांवर ऑर्डरी मिळवल्यास, आता जिवंत आहेत तेही सुटेनात तुझ्या हातून."

तू चहा संपवलास. गाडीला किक मारलीस. "बस," म्हणालास.

पुढच्या आठवड्यात तू एकटाच पेठ वडगावला गेलास, जुना कॅमेरा घेऊन. तिथल्या चौगुल्यांचं घर तुझ्या ओळखीचं, त्यांच्या दोन्ही पोरींची लग्नं आपण केलेली. त्यांच्या आईला खुर्चीवर बसवून नमुन्यादाखल शूट केलंस. संध्याकाळी मेमरी कार्ड एका पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवलंस. पाकिटावर तुझं वाकडं अक्षर: 'आक्का, पेठ वडगाव. बघितल्यावर बोल.'

मी त्यावर चहाचा मग ठेवायला लागलो. तू रोज विचारायचास, "बघितलंस?" मी रोज म्हणायचो, "बघतो." आठ दिवस. नवव्या दिवशी तू विचारायला आला नाहीस. वहिनींचा फोन आला.

---

तर शब्द दिला होता, आणि तो पाळायचा म्हणजे नवं गिऱ्हाईक शोधायचं. तुझं काम मी पहिल्यांदा केलं, सदा. अत्यंत वाईट केलं.

मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांना भेटलो. एकानं विचारलं, ते सदाभाऊ नाही आले? सांगितल्यावर त्यानंच मला बसवून पाणी दिलं आणि तुझ्या आठवणी सांगितल्या. अर्ध्या तासानं मी त्याचं सांत्वन करून परत आलो. कार्ड द्यायचं राहिलं. जुन्या वहीतून फोन लावले. "शूटिंगवाले बोलतोय" म्हटलं की पलीकडून "सदाभाऊ का?" आणि पुन्हा तेच. एका क्लासवाल्या सरांनी जाहिरात करायची आहे म्हणून बोलावलं, आणि त्यांच्यावर आकाशातून प्रकाश पडताना दाखवता येईल का असं विचारलं. मी म्हटलं, येईल, पण छत काढावं लागेल. ती ऑर्डर गेली. तू असतास तर आधी "येतंय की सर" म्हणाला असतास आणि मग रस्त्यात मला शिव्या दिल्या असत्यास.

शेवटी मी तुझ्यासारखा पेपर उघडला. नाव ओळखीचं होतं, पांढरा शर्ट घातला, घाटावर गेलो. ड्रोन नव्हता, कावळा लगेच आला. गेलेल्या माणसाच्या मुलापाशी जाऊन उभा राहिलो आणि मला एकही शब्द सुचला नाही. मुलानं माझा हात धरला, मी त्याचा. दोघं नुसते उभे. तू तिथं बोलत काय होतास, हे मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. परत येताना पायऱ्यांवर बसलो. इतका थकवा मला रात्र-रात्र मिक्सिंग करून कधी आला नव्हता. ठरवलं, मालकांना सांगायचं, गाळा सोडतो. कावळ्याचं काय, तो वडा खाऊन कधीच विसरला असेल.

त्याच दिवशी दुपारी प्राजक्ता दुकानात आली. तुझ्याच खुर्चीवर बसली, आणि तुझ्यासारखाच एक पाय वर घेऊन. थोडा वेळ इकडंतिकडं बघून म्हणाली, "काका, पप्पांचा आवाज आहे का कुठं? बोलताना?"

मी म्हटलं, असणारच की. तूच बाहेर होतास, तूच कॅमेऱ्यापाशी, प्रत्येक शूटिंगमध्ये माइकच्या सगळ्यात जवळ. तासन्तास तुझी बडबड आत आलेली. "जरा हिकडं बघा वहिनी." "मामा, हसा की, पोरगी सासरला चाललीय, तुरुंगात न्हाय." आणि म्हातारं माणूस कॅमेऱ्यासमोर गोठलं की तुझं ते ठरलेलं, "बोला की. मी हाय हितं."

दोन दिवस मी डिस्का लावून बसलो. सदा, एक वाक्य नाही. एक शब्द नाही. कच्चं शूटिंग तर आपण ठेवतच नव्हतो. आधी कॅसेटी पुन्हा वापरायचो, मग डिस्का रिकाम्या करायचो. आणि जे तयार होऊन ठेवलंय, त्यात तुझा आवाज आला की मी कापायचो. माझं कामच ते होतं. त्यात मी तरबेज होतो. तुझा श्वाससुद्धा शिल्लक ठेवायचो नाही, वर सनई टाकायचो. बावीस वर्षांची लग्नं, आणि त्यातून मी तुला इतकं स्वच्छ काढलंय की कॅमेरे आपोआप चालत होते असं वाटावं.

गेलेल्या माणसाच्या घरात "आवाज हाय का?" असं विचारतात, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस.

शेवटी चहाच्या मगाखालचं पाकीट काढलं.

---

कार्डावर एक तास सात मिनिटं आहेत. पहिली दोन मिनिटं आक्का कॅमेऱ्याकडं नुसती बघतेय. हिरवं लुगडं, हातात चष्म्याची डबी. मग तू. "बोला की, आक्का. मी हाय हितं."

माझं बोट सवयीनं बटणाकडं गेलं. खरंच गेलं.

आक्का सुरू झाली ती थांबेना. माहेर, म्हशी, एक वारलेलं लेकरू, शेजारणीशी अठरा वर्षांचा अबोला. तू मधे मधे "व्हय?", "मग?" एवढंच. मी कधी तुला इतकं कमी बोलताना ऐकलं नाही. आणि मग तिलाच कंटाळा आला असावा, तिनं उलटं तुला धरलं.

"तुला पोरं किती रं?"

"एक पोरगी हाय. आणि दुकानात एक मास्तर हाय, त्यो पोरापरास अवघड."

"काय करतोय त्यो?"

"मी शूट केल्यालं कापतोय."

"आणि तू कापू देतोस?"

"कापाय लागतंय, आक्का. मी लई बोलतो. त्येनं कापलं म्हणून लोकांनी बघितलं. न्हायतर कोण बघतंय?"

"ह्ये बी कापंल की मग."

इथं तू हसतोस. "ह्ये बघंल का न्हाय तेच बघायचंय," म्हणतोस.

प्राजक्ताला बोलावून ऐकवलं. तिनं कानाला हेडफोन लावला, डोळे मिटले. 'एक पोरगी हाय' इथपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "काका, परत." मी परत लावलं. मग परत. बाहेर जाऊन दोन चहा सांगून आलो. तुझं काम.

---

ते सगळं, काहीही न कापता, एका पेनड्राइव्हवर घालून परवा मी पेठ वडगावला गेलो. गिऱ्हाईक शोधायला नव्हे. तू आक्काला दाखवतो म्हणून सांगून आला होतास आणि तिनं चौगुल्यांच्या मागं लकडा लावला होता, एवढंच. टीव्हीला लावलं. शेजारपाजारची दहाबारा माणसं जमली. आक्का स्वतःला बघून म्हणाली, "मी एवढी म्हातारी हाय व्हय?" अबोल्याची गोष्ट आली तेव्हा ती शेजारीण दाराशीच उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "खोटं सांगतीया! सोळा वर्षं!" म्हणजे बोलणं सुरू झालं असं म्हणायचं.

संपल्यावर आक्कानं विचारलं, "त्यो का आला न्हाय?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. चौगुले खाली बघायला लागले. मी सांगितलं. पहिलं वाक्य काय बोलावं हा प्रश्न पडायला वेळच मिळाला नाही.

आक्कानं बंद टीव्हीकडं बोट केलं. "त्येचं काडलंय का कुणी असं?"

"नाही."

"म्हंजे माझंच काडून गेला," ती म्हणाली. आणि डबीतून चष्मा काढून पुसायला लागली.

मी निघालो तर दारात एक मध्यम वयाचा माणूस आडवा आला. त्याचे वडील, तात्या, उभा जन्म गुऱ्हाळावर गुळव्या. कढईतल्या रसाकडं नुसतं बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारे. आता घरात बसून असतात. "असलं आमच्या तात्यांचं करतासा का? लई बोलत्यात ओ, दिवसभर. आमी ऐकत न्हाय, पर असू दे म्हटलं. नंतरला." नंतरला या शब्दावर तो अडखळला. मग म्हणाला, "आत्ता हाईत घरात."

कॅमेरा पिशवीत होता. का घेतला होता ते विचारू नकोस.

तात्यांना ओट्यावर खुर्चीत बसवलं. दिवसभर बोलणारा माणूस लाल दिवा लागल्याबरोबर गप्प. "काय बोलू?" म्हणाले आणि थिजले. मी बाजूला बघितलं, तू जिथं उभा राहायचास तिथं. तिथं तात्यांचा मुलगा खांबाला टेकून मोबाइल बघत होता. अर्धं मिनिट गेलं असेल. आमच्या घरात कुणी असं बोलत नाही, मीही आयुष्यात कधी बोललो नव्हतो. पण दुसरं काही सुचेना.

"बोला की, तात्या. मी हाय हितं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आदी कढईखालचं चुलवाण कसं लावायचं ते सांगू?" म्हणाले.

गाळ्याच्या मालकांना आज सकाळी कळवलं, ठेवतोय. किती दिवस, ते विचारलं नाही त्यांनी, मलाही माहीत नाही. एका गुळव्यावर दुकान चालत नसतं हे मला तुझ्याइतकंच कळतं. वडगावात अजून दोघांनी नंबर घेतलाय, त्यात एक ती शेजारीण. तिला सोळाचं सिद्ध करायचंय. आणि कावळ्याचं म्हणशील तर माझं मत बदललेलं नाही. ड्रोन खाली आला म्हणून तो आला.

आता तात्यांचं मिक्सिंग लावलंय. सुरुवातीचं ते अर्धं मिनिट, नुसता ओटा आणि म्हाताऱ्याचा गोठलेला चेहरा, आणि मग माझा आवाज येतो. घोगरा आहे, माइकच्या फार जवळ आहे, आणि 'हितं' म्हणताना चक्क उसना वाटतो. तू ऐकला असतास तर आठवडाभर नकला केल्या असत्यास.

ठेवलाय.